कॉर्डोव्हाची एकोणीस वर्षं

या शनिवारचा विषय जरा आडवाटेने सापडला. ऑफिसात सध्या एका बँकेच्या रिस्क सॉफ्टवेअरचं काम चालू आहे. त्यात 'क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप' नावाचं प्रकरण सारखं समोर येतं. सोप्या भाषेत सांगायचं तर मी दिलेलं कर्ज बुडालं तर भरपाई दुसऱ्या कुणीतरी करायची, आणि त्यासाठी मी त्याला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची, असा करार. २००८ च्या आर्थिक संकटात हा शब्द जगभर बदनाम झाला. हे मुळात सुरू कुठून झालं म्हणून वाचायला बसलो, तो १९९४ सालच्या एका कर्जापाशी येऊन थांबलो. जे. पी. मॉर्गन बँकेने एक्सॉन या तेल कंपनीला ४.८ अब्ज डॉलरची पत मंजूर केली होती. एक्सॉनसारख्या गडगंज कंपनीला एवढ्या पैशांची सोय कशाला करून ठेवावी लागली? तर अलास्कातल्या मच्छीमारांनी तिच्यावर खटला भरला होता आणि पाच अब्ज डॉलरचा दंड डोक्यावर होता.

बँकेला एक्सॉनसारख्या जुन्या गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नव्हतं आणि एवढी मोठी जोखीम स्वतःच्या वहीत ठेवायचीही नव्हती. म्हणून तिने ती जोखीम युरोपियन बँक फॉर रिकन्स्ट्रक्शन अँड डेव्हलपमेंट या संस्थेला विकली. आधुनिक क्रेडिट डिफॉल्ट स्वॅपचा जन्म साधारण इथला मानतात.

कंपनीने आपली जोखीम बँकेकडे सरकवली, बँकेने ती आणखी तिसरीकडे. पण ज्यांनी खटला भरला त्यांचं काय? त्यांची जोखीम कोणी विकत घेतली? या प्रश्नाच्या मागे लागून गेले तीन वीकएंड वाचन केलं. त्यातून जे हाती लागलं ते आज लिहितोय. लेख थोडा लांबला आहे, चहा घेऊन बसा.

अलास्काच्या दक्षिणेला प्रिन्स विल्यम साउंड नावाचं आखात आहे. डोंगर, हिमनद्या, असंख्य बेटं आणि खाड्या. त्याच्या पूर्व टोकाला कॉर्डोव्हा हे अडीच हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. गावाला बाहेरून येणारा रस्ता नाही. बोटीने जा नाहीतर विमानाने. आणि गावाचा धंदा एकच, मासेमारी.

आधी तिथे रेझर क्लॅम नावाच्या लांबट शिंपल्यांचा मोठा धंदा होता. २७ मार्च १९६४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. कॉर्डोव्हाच्या आसपासची जमीन सुमारे दोन मीटर वर उचलली गेली आणि शिंपल्यांची ठिकाणं बरबाद झाली. मग गावाने सगळा भार सामन आणि हेरिंग या दोन माशांवर टाकला. (आपल्याकडे रावसाला 'इंडियन सामन' म्हणतात, पण त्याचं खऱ्या सामनशी काही नातं नाही. हेरिंग मात्र आपल्या तारलीच्या भाऊबंदांतला.)

या धंद्याचं गणित आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. हेरिंग एप्रिलच्या सुमाराला किनाऱ्याजवळ अंडी घालायला येतो. त्याच्या गाबोळीला जपानमध्ये मोठी मागणी. हा मोसम अगदी थोड्या दिवसांचा, पण वर्षातला पहिला रोख पैसा त्यातून यायचा. त्या पैशातून डिझेल, जाळी, बोटीची डागडुजी आणि मग उन्हाळ्यात सामन. म्हणजे हेरिंग बुडाला की सामनच्या मोसमालाच कर्ज काढून निघायचं.

दुसरी गोष्ट परमिटची. अलास्कात १९७३ च्या कायद्याने मासेमारीच्या परवान्यांची संख्या गोठवली. नवा माणूस धंद्यात यायचा तर जुन्याकडून परमिट विकत घ्यायचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इथल्या पर्ससीन परमिटसाठी लाखांत डॉलर मोजावे लागत होते. तरुण जोडपी कर्ज काढून परमिट घेत, बोटीसाठी वेगळं कर्ज. म्हातारपणी ते परमिट विकायचं, तेच त्यांचं पेन्शन. आपल्या भाषेत सांगायचं तर होम लोन, प्रॉव्हिडंट फंड आणि नोकरी, तिन्ही एकाच शेअरमध्ये गुंतवल्यासारखं. तो शेअर म्हणजे आखातातलं पाणी.

याच आखाताच्या दुसऱ्या अंगाला व्हाल्डीझ हे बंदर. अलास्काच्या उत्तर टोकाला तेल सापडलं आणि ते १,३०० किलोमीटर पाइपलाइनने इथे आणून टँकरमध्ये भरायचं ठरलं. कॉर्डोव्हाच्या मच्छीमारांना यात काय धोका आहे हे पहिल्या दिवसापासून कळत होतं. त्यांच्या संघटनेने १९७१ मध्येच कोर्टात धाव घेतली होती. टँकर नकोत, पाइपलाइन कॅनडामार्गे जमिनीवरून न्या, असं म्हणणाऱ्यांत ते होते. १९७३ मध्ये सिनेटमध्ये पाइपलाइनला कोर्टकचेरीतून सूट देण्याच्या प्रश्नावर ४९ विरुद्ध ४९ अशी बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांच्या एका मताने बाजू पाइपलाइनकडे झुकली. त्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखलं, मग विरोधाला कोण विचारतो! १९७७ मध्ये तेल वाहू लागलं.

मच्छीमारांना आश्वासनं मिळाली. तेल सांडलंच तर आवरण्यासाठी अलिएस्का (तेल कंपन्यांनी मिळून काढलेली पाइपलाइन कंपनी) सज्ज असेल, कागदावर आराखडा असेल, खास पथक असेल. ते चोवीस तास सज्ज असणारं पथक ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच मोडीत काढलं गेलं. काही मोठं झालं नाही, म्हणून खर्च कमी केला. आपल्यातल्या ज्यांनी डिझास्टर रिकव्हरीचं बजेट कापलेलं पाहिलंय त्यांना ही मीटिंग डोळ्यांसमोर येईल.

२३ मार्च १९८९ च्या संध्याकाळी व्हाल्डीझमध्ये एक सभा होती. कॉर्डोव्हातल्या रिकी ऑट या त्या सभेत फोनवरून बोलल्या. बाई सागरी विषशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या आणि स्वतः मासेमारी करणाऱ्या. मोठी तेलगळती होईल का हा प्रश्नच नाही, ती कधी होईल एवढंच ठरायचं आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्याच रात्री नऊच्या सुमाराला एक्सॉन व्हाल्डीझ नावाचा टँकर २० कोटी लिटर तेल घेऊन धक्क्यावरून निघाला. बर्फाचे तुकडे टाळायला नेहमीची वाट सोडली आणि मध्यरात्री १२ वाजून ४ मिनिटांनी ब्लाय रीफ या खडकावर चढला. कप्तान जोसेफ हेझलवुड तेव्हा ब्रिजवर नव्हता. ११ पैकी ८ टाक्या फुटल्या. सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल पाण्यात गेलं. तारीख २४ मार्च १९८९, आणि योगायोग असा की त्या दिवशीही गुड फ्रायडे होता.

आराखड्याप्रमाणे पाच तासांत साहित्य पोचायला हवं होतं. पोचायला चौदा तास लागले. ज्या बार्जवर ते असायचं ती दुरुस्तीसाठी रिकामी करून ठेवली होती, आणि काही सामान बर्फाखाली गाडलेलं होतं. पहिले तीन दिवस समुद्र शांत होता. तेल एका जागी होतं, गोळा करण्यासारखं होतं. मग वादळ आलं आणि तवंग पसरत गेला. पुढच्या काही महिन्यांत सुमारे २,१०० किलोमीटर किनाऱ्यापर्यंत तेल पोचलं. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी मेले.

कॉर्डोव्हाचे लोक या वेळी काय करत होते? पहिल्या दिवसापासून बोटी घेऊन मदतीला येतो म्हणून फोन करत होते, आणि कोणी त्यांना कामाला लावत नव्हतं. शेवटी ते स्वतःच निघाले. आखातात सामनची पिल्लं वाढवणारी मत्स्यबीज केंद्रं आहेत, मच्छीमारांनीच उभी केलेली. तिथे करोडो पिल्लं समुद्रात सोडायच्या बेतात होती. या लोकांनी छोट्या बोटी जमवल्या, मिळेल तिथून तरंगते अडसर आणले, काही लाकडाच्या ओंडक्यांचे बनवले, आणि बादल्यांनी तेल उपसलं. सॉमिल बेसारख्या ठिकाणची केंद्रं वाचली ती या 'डासांच्या आरमारा'मुळे, हे त्यांना मिळालेलं टोपणनाव. पहिल्या आठवड्यातलं हे सगळ्यात यशस्वी काम कुठल्याही आराखड्यात लिहिलेलं नव्हतं.

हेरिंगचा मोसम दोन आठवड्यांवर होता. सरकारने तो रद्द केला. निर्णय बरोबरच होता, तेल लागलेला एक जरी मासा बाजारात गेला असता तरी अलास्काच्या सगळ्या मासळीचं नाव खराब झालं असतं. पण वर्षाचा पहिला पैसा गेला. सामनच्या मोसमातही बरेच भाग बंद राहिले. कॉपर नदीच्या मुखाशी, जिथे तेल जवळपास पोचलंच नव्हतं, तिथल्या मच्छीमारांनाही गिऱ्हाईकाच्या शंकेला तोंड द्यावं लागलं. मासळी बाजारात शंका तेलाच्या पुढे धावते.

एक्सॉनचे प्रतिनिधी गावात आले. तुमचं नुकसान पूर्ण भरून देऊ, असं भर सभेत सांगितलं. आणि खरोखर पैसा ओतायलाही सुरुवात केली. साफसफाईसाठी ताशी १६.६९ डॉलर मजुरी, ऐन भरात ११,००० माणसं कामावर. बोटी भाड्याने घेतल्या, त्यांचं भाडं दिवसाला हजारो डॉलर. त्याशिवाय स्वेच्छेने नुकसानभरपाई म्हणून मच्छीमार आणि इतरांना ३० कोटी डॉलरच्या वर रक्कम वाटली. कंपनीने काहीच दिलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

पण पैसा कसा आला हे महत्त्वाचं. ज्याची बोट कंत्राटात लागली त्याने त्या उन्हाळ्यात आयुष्यात कमावले नव्हते एवढे डॉलर कमावले. ज्याने 'मी यांचे पैसे घेणार नाही' म्हटलं, किंवा ज्याची बोट निवडली गेली नाही, तो हात हलवत बसला. लोक पहिल्यांना 'स्पिलियनेअर' म्हणू लागले. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे बघणं बदललं. भूकंपानंतर हेच गाव एकत्र उभं राहिलं होतं. भूकंपात कोणाची चूक नव्हती आणि कोणाचा फायदाही नव्हता. तेलाच्या वेळी दोन्ही होतं. स्टीव्हन पिकू आणि डुएन गिल या समाजशास्त्रज्ञांनी पुढची कित्येक वर्षं कॉर्डोव्हाचा अभ्यास केला. अशा गावाला त्यांनी जो शब्द वापरला त्याचा अर्थ 'आतून गंजत जाणारा समाज' असा होतो.

१९९० मध्ये गुलाबी सामन विक्रमी संख्येने आला. एक्सॉनने त्याकडे बोट दाखवलं, सगळं ठीक आहे की! १९९२ आणि १९९३ मध्ये मात्र सामन दिसेनासा झाला. १९९३ चा हेरिंग तर अपेक्षेच्या पाव हिश्श्याएवढाच परतला. १९८९ च्या वसंतात अंड्यांतून निघालेला हेरिंग मोठा होऊन १९९३ च्या सुमारालाच यायचा होता, त्यामुळे मच्छीमारांच्या मनात शंकेला जागाच नव्हती. परतलेल्या माशांत विषाणूजन्य रोग सापडला.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. हेरिंग तेलामुळेच संपला, हे आजही सगळे शास्त्रज्ञ मान्य करत नाहीत. रोग, अन्नाची टंचाई, आधीच्या वर्षांत झालेली माशांची गर्दी, अशी इतर कारणंही मांडली गेली आहेत. सामनच्या बाबतीत पुरावा जास्त स्पष्ट आहे. तेलातले काही घटक पाण्यात अब्जात काही भाग एवढे सूक्ष्म असले तरी अंड्यांतल्या पिल्लांना इजा करतात, हे नंतरच्या प्रयोगांतून दिसलं. शिवाय २००१ मध्ये किनाऱ्यावर खड्डे खणून पाहिलं तेव्हा दगडगोट्यांखाली तेल होतंच, बारा वर्षांनीसुद्धा. आणि याच काळात नॉर्वे आणि चिलीच्या शेततळ्यांतला सामन बाजारात आला आणि भाव पडले. त्यात एक्सॉनचा काही दोष नाही.

म्हणजे आपल्या भाषेत, प्रॉडक्शन बंद पडलंय आणि एकाच वेळी चार गोष्टी बिघडल्यात. रूट कॉज कोणता ते सिद्ध करा म्हणजे पैसे मिळतील. सिद्ध करायची जबाबदारी त्याची, ज्याचं दुकान बंद आहे.

ऑगस्ट १९९३ मध्ये मच्छीमारांचा धीर सुटला. डझनावारी बोटी घेऊन ते व्हाल्डीझच्या अरुंद खाडीमुखात आडवे झाले आणि जवळपास तीन दिवस टँकरची वाट अडवून धरली. अंतर्गत खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांनी मध्यस्थी केली. मागणी काय होती? आमच्या पाण्यात नक्की काय झालंय त्याचा नीट अभ्यास करा, ही त्यातली एक मोठी मागणी. तोपर्यंत एक्सॉनने सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड करून टाकली होती (१९९१), पण माशांच्या अभ्यासाला त्यातून पुरेसा पैसा मिळत नव्हता. नाकेबंदीनंतर तो मिळाला. त्याच वर्षी गावाच्या एका माजी महापौराने आत्महत्या केली. नैराश्य, दारू, घटस्फोट यांचं प्रमाण वाढल्याचं त्या काळचे अभ्यास सांगतात.

आता परमिटचं बघा. मासा नाही, भाव नाही, म्हणजे परमिट कोण घेणार? त्याची किंमत कोसळली. पण ते विकत घेताना काढलेलं कर्ज जिथल्या तिथे. हेरिंगची मासेमारी मध्ये १९९७-९८ साली थोडी उघडली आणि १९९९ पासून पुन्हा दोन दशकांहून अधिक काळ बंद राहिली. बंद मासेमारीचं परमिट म्हणजे नुसता कागद. मला या सगळ्या वाचनात हे सर्वात महत्त्वाचं वाटलं. तेलगळतीची बातमी आपण 'या वर्षीची मासळी गेली' अशी वाचतो. प्रत्यक्षात जातं ते पुढच्या वीस वर्षांचं तारण. भरपाई मोजणारा विचारतो की गेल्या वर्षी किती पकडलं आणि या वर्षी किती. आणि बोटीवर जायच्याऐवजी पोरगा गाव सोडून शहरात गेला, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

खटला १९९४ मध्ये अँकरेजला उभा राहिला. फिर्यादी ३२ हजारांहून जास्त. मच्छीमार, मासळी कारखान्यांतले कामगार, मूळ रहिवासी, जमीनमालक. ज्यूरीने प्रत्यक्ष नुकसान २८.७ कोटी डॉलर ठरवलं. आधी मिळालेले पैसे वजा जाता त्यातलं फार काही उरत नव्हतं. पण सप्टेंबर १९९४ मध्ये ज्यूरीने पाच अब्ज डॉलरचा दंडही ठोठावला. कॉर्डोव्हात आनंद झाला. लोकांना वाटलं, संपलं एकदाचं.

एक्सॉनने अपील केलं. पुढचा हिशेब असा. २००१ मध्ये अपील कोर्टाने पाच अब्ज जास्त आहेत म्हणून प्रकरण परत पाठवलं. २००२ मध्ये ४ अब्ज. २००४ मध्ये ४.५ अब्ज. २००६ मध्ये २.५ अब्ज. २५ जून २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की सागरी कायद्यात दंड प्रत्यक्ष नुकसानाएवढाच असावा, म्हणजे ५०.७५ कोटी डॉलर. (नववे न्यायमूर्ती बसले नाहीत, कारण त्यांच्याकडे एक्सॉनचे शेअर होते.) पाच अब्जाच्या एक दशांशाला जरा वर. माणशी सरासरी पंधरा हजार डॉलर. २००९ मध्ये व्याजापोटी जवळपास तेवढीच रक्कम आणखी मिळाली, पण तोवर हजारो फिर्यादी मरून गेले होते.

२००८ या एका वर्षात एक्सॉनमोबिलचा नफा ४५ अब्ज डॉलर होता. म्हणजे दंड हा चार दिवसांचा नफा. निकाल चूक की बरोबर यावर कायदेपंडित वाद घालोत. दंडाला काहीतरी प्रमाण असावं हे म्हणणं अगदीच गैर नाही. पण एकोणीस वर्षं थांबणं कोणाला परवडलं ते बघा. कंपनीला प्रत्येक वर्षाचा उशीर फायद्याचा होता. तिची जोखीम तर बँकेने कधीच पुढे विकली होती. मच्छीमाराला प्रत्येक वर्षाचा उशीर म्हणजे कर्जाचा आणखी एक हप्ता. पिकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलंय की गावातल्या ताणाचं एक मोठं कारण खुद्द खटलाच होता. आपत्तीवर उपाय म्हणून आलेली गोष्ट दुसरी आपत्ती होऊन बसली.

यातून काहीच चांगलं झालं नाही असं मात्र नाही. १९९० मध्ये अमेरिकेने तेल प्रदूषण कायदा केला. टँकरना दुहेरी कवच सक्तीचं झालं. प्रिन्स विल्यम साउंडमधून भरलेला टँकर निघाला की दोन टगबोटी सोबत जातात. नागरिकांची देखरेख समिती आली आणि तीत मच्छीमारांना जागा मिळाली. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शेकडो मासेमारी बोटींशी आधीच करार झाले. त्यांना दरवर्षी प्रशिक्षण आणि त्याचा मोबदला मिळतो, तेल सांडलं की त्या कामाला लागतात. १९८९ चं डासांचं आरमार आता अधिकृत आराखड्यात आहे.

त्या जहाजाचं पुढे काय झालं? ते दुरुस्त झालं, नावं बदलत राहिलं. पण त्या आखातात परत यायला त्याला कायद्यानेच बंदी होती. शेवटी २०१२ मध्ये 'ओरिएंटल नायसिटी' या नावाने ते भंगारात निघालं आणि आलं कुठे, तर गुजरातमधल्या अलंगला. आपल्या सर्वोच्च न्यायालयात त्यावर याचिका झाली, ३० जुलै २०१२ ला परवानगी मिळाली, आणि आपल्याच मजुरांनी ते तोडलं.

आपल्या किनाऱ्याचा विषय निघालाच आहे तर थोडं त्याबद्दल. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली. शेकडो टन इंधन तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले, काहींत कीटकनाशकं होती. पावसाळी बंदी संपून दर्या उघडायचे दिवस जवळ आलेले. नाखव्याने बोट रंगवलेली, जाळी विणलेली, बर्फ-डिझेलचा पैसा व्यापाऱ्याकडून उचललेला, खलाशांना आगाऊ रक्कम दिलेली. आणि शहरात सूचना आली की काही दिवस मासे खाऊ नका. कॉर्डोव्हाचा एप्रिल आणि आपली नारळी पौर्णिमा यांत मला फार फरक दिसत नाही. दोन्हीकडे तेल नेमकं वर्षाच्या पहिल्या पैशावर आलं.

जवळपास एका वर्षाने, ४ ऑगस्ट २०११ ला, साठ हजार टन कोळसा घेऊन जाणारं एमव्ही राक हे जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडालं आणि त्याचं इंधन तेल बाहेर आलं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१६ मध्ये जहाज कंपनीला १०० कोटी आणि कोळशाच्या मालकाला ५ कोटी रुपये भरायला सांगितलं. निकाल महत्त्वाचा होता, आपल्याकडे एवढी मोठी रक्कम क्वचित ठोठावली जाते. पण पाच वर्षांनी आलेली ही पर्यावरण भरपाई केंद्राच्या जहाज मंत्रालयाकडे जमा करायची होती, कोळीवाड्यात नव्हे. आणि मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा ३ केरळच्या किनाऱ्याजवळ बुडालं, तेव्हा केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला. आकडे मोठे आहेत. प्रश्न तोच, पैसे कधी आणि कोणाच्या हातात?

आपल्याकडे एक अडचण जास्तीची आहे. पेपरवर्क. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपीची विहीर फुटली तेव्हा कंपनीने २० अब्ज डॉलरचा निधी काढला, म्हणजे एकोणीस वर्षं थांबायला नको. हा कॉर्डोव्हाचाच धडा. तरीही रोखीत धंदा करणाऱ्या बऱ्याच मच्छीमारांना उत्पन्न सिद्ध करताना घाम फुटला. मग आपल्याकडे टोपलीत म्हावरं घेऊन दारोदार फिरणाऱ्या मावशीने काय दाखवायचं? बोट तिच्या नावावर नाही, परवाना नाही, बिल तर नाहीच. मासे खाऊ नका म्हटल्यावर पहिल्याच दिवशी तिचं उत्पन्न शून्य होतं, आणि ती कुठल्याही यादीत नसते.

मी काही या विषयातला तज्ज्ञ नाही. पण तीन वीकएंडच्या वाचनानंतर तीन गोष्टी पक्क्या वाटतात. एक, भरपाई वेळेत मिळणं हे रकमेएवढंच महत्त्वाचं आहे. खटला चालू राहू द्या, पण त्या मोसमाचा हप्ता भरता येईल एवढी रक्कम आधी द्या आणि ती नंतर कंपनीकडून वसूल करा. दोन, किनाऱ्यावर कोण काय पकडतं आणि कोण काय विकतं याची नोंद अपघाताच्या आधीची हवी, बायकांच्या विक्रीसकट. तीन, आराखड्यात कोळ्यांच्या बोटी आणि त्यांचं दर्याचं ज्ञान पगारी जागेवर हवं. भरती कधी फिरते आणि तवंग कुठल्या खाडीत शिरेल हे सांगणारे लोक किनाऱ्यावर बसलेलेच असतात.

पुढच्या वेळी बातमीत 'इतके टन तेल सांडलं' असं वाचलंत तर तेवढ्यावर थांबू नका. दोन-तीन वर्षांनी एकदा शोधून बघा, त्या किनाऱ्यावरच्या किती बोटी अजून मालकाच्या नावावर आहेत.